हिवाळ्याचा अंदाज : ऑक्टोबरअखेरची नोंद

मंडळी, या महिन्यात तक्ता पुन्हा पहिल्यापासून मांडला. आमच्या फिलाडेल्फियात हंगामाला सरासरी २३ इंच बर्फ पडतो, पण तेवढाच पडला असं वर्ष क्वचितच येतं. २००९-१० मध्ये ७८.७ इंच, २०१९-२० मध्ये ०.३ आणि २०२२-२३ मध्ये पुन्हा ०.३! मी आजवर एल निनो की ला निना (विषुववृत्ताजवळचं प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा उबदार की थंड) एवढं पाहून जुळणारी वर्षं निवडायचो आणि त्यांच्या बर्फाची सरासरी काढायचो. ती पद्धत आता बंद.

कारण २००९-१० एल निनोचं, २०२३-२४ही एल निनोचंच. दुसऱ्यात सरासरीच्या निम्माच बर्फ पडला. फरक आर्क्टिक ऑसिलेशनचा, म्हणजे उत्तर ध्रुवाकडचा आणि त्याच्या दक्षिणेकडचा हवेचा दाब यांच्यातल्या चढउताराचा. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याचा मासिक निर्देशांक उणे ४.२७ पर्यंत उतरला होता. तो असा उतरला की ध्रुवाकडची थंडी खाली सांडते, ग्रीनलंडवर उच्च दाब ठाण मांडतो आणि वादळं किनाऱ्यालगत रेंगाळतात. अडचण अशी की समुद्र सावकाश बदलतो, त्यामुळे एल निनोचा कल आधी कळतो. हा निर्देशांक मात्र दोन-तीन आठवड्यांत फिरतो. ऑक्टोबरात बसून जानेवारीचा आकडा कुठून आणायचा?

म्हणून तापमान आणि बर्फ वेगळे केले. तापमानासाठी प्रत्येक वर्षाचा त्या काळच्या ३० वर्षांच्या सरासरीपासूनचा फरक घेतो, नाहीतर १९७६-७७ सारखा कडाक्याचा हिवाळा सगळा अंदाज थंडीकडे ओढतो. बर्फासाठी एकच आकडा न देता कमी, मध्यम, जास्त अशा तीन गटांच्या शक्यता देणार. डिसेंबर २०१५ विक्रमी उबदार गेला, आणि पुढच्याच महिन्यात एका वादळाने २२.४ इंच टाकले. हंगामाचा अंदाज असं एक वादळ पकडू शकत नाही, हे मला आता पटलंय.

बर्फ मोजायची फळीही तयार आहे. दोन फूट चौरस प्लायवूड, पांढऱ्या रंगाचे दोन हात. गडद फळी उन्हाने तापते आणि खालून बर्फ वितळवते. मेपलच्या झाडापासून लांब, उघड्यावर ठेवलीय. शेजारी काठी रोवलीय, म्हणजे बर्फाखाली गेली तरी सापडेल. पट्टी इंचाच्या दहाव्या भागाची. मोजून फळी पुसायची ती सहा तासांच्या आत नाही. घाईघाईने पुसत राहिलं की बर्फ दबत नाही आणि बेरीज फुगते.