पश्चिमेचं दार

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात सगळ्यांना अचानक दार दिसायला लागतं. एरवी वर्षभर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. जुन्या नाशकातला एक वाडा उतरवला, तेव्हा सासऱ्यांनी हे सागवानी दार विकत घेतलं आणि इंदिरानगरच्या घराला थेट पश्चिमेकडे तोंड करून बसवलं. वाड्यात ते गल्लीच्या सावलीत होतं. इथे दुपारपासून मावळतीपर्यंत ऊन आणि जून लागला की पावसाची झड. वर छज्जा असल्याने वरचा भाग अजून तांबूस, खालचा पार राखाडी. "लक्ष्मी यायची त्या दाराची ही काय कळा!" इति सासूबाई. मला तो राखाडी रंग आवडतो, पण दिवाळीच्या तोंडावर असं बोलायची सोय नसते.

भाचा मुंबईत शिडाच्या बोटींच्या डागडुजीचं काम करतो. त्याने बघताक्षणी नखाने खरवडून दाखवलं. "मामी, कुजलेलं नाहीये हे. नुसतं वरवरचं आहे." उन्हाने लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा घटक, सुटतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे राहतात ते पांढरट तंतू. हा थर पापुद्र्याएवढाच. आतल्या लाकडात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे पाण्याला आणि वाळवीला ते सहसा दाद देत नाही. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. आमच्या दाराला तर समुद्राचं तोंडही बघायचं नाही.

म्हणजे रंगरंगोटी लाकडाला नकोच असते, ती आपल्याला हवी असते. बोटवाल्यांचेही यावरून वाद चालतात म्हणे. काही जण सागवान तसंच राखाडी होऊ देतात, काही तेल पाजतात, काही वॉर्निशचे थरावर थर चढवतात. पाय ठेवायच्या डेकला मात्र शहाणा माणूस वॉर्निश लावत नाही, ओलं झालं की घसरतं. आमच्याकडे इतकी वर्षं बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, फडका फिरायचा. दोन महिने दार देखणं दिसायचं आणि श्रावणात त्यावर काळी बुरशी धरायची. जवसाचं तेल बुरशीला भलतंच मानवतं.

मिस्त्रींनी आधी गाड्या धुवायचा प्रेशर पंप आणायची तयारी केली होती. भाच्याने त्यांना हातच जोडले. सागवानाच्या रेषांमध्ये मऊ पट्टे असतात, ते त्या माऱ्याने उडून जातात आणि कडक शिरा तेवढ्या वर उभ्या राहतात. मग त्या सपाट करायला चांगलं लाकूड घासून घालवायचं. त्यापेक्षा मऊ ब्रश, साबणाचं पाणी आणि रेषांना आडवं घासणं. कोयंड्याभोवती लोखंडामुळे काळे डाग पडले होते, त्यांच्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी. हातमोजे घालून, कारण ते विषारी असतं. डाग फिकट होत गेले आणि दार ओलं असतानाच एकदम उजळलं. सासूबाई खुर्ची आणून समोर बसल्या. मग भरपूर पाण्याने धुऊन चार दिवस वाळू दिलं.

पॉलिश पेपर मात्र रेषांच्या दिशेनेच, ८० नंबरपासून १८० पर्यंत. घासताना जो चामड्यासारखा वास सुटतो, त्यासाठी मी हे काम दरवर्षी काढायला तयार आहे. मिस्त्रींना त्याचं कौतुक नाही. सागवानात वाळूतला सिलिका असतो, त्याने रंध्याचं पातं लवकर बोथट होतं, आणि त्याबद्दल ते वाड्याच्या मूळ मालकापासून सगळ्यांना दोष देत होते.

"काकू, मेलामाइन मारून देतो, चकचकीत होईल," हा त्यांचा आग्रह. मेलामाइन घरातल्या कपाटाला ठीक. बाहेरच्या उन्हात त्याला तडे जातात. लाखेचं पॉलिश पाण्याने पांढरं पडतं. बाहेरच्या लाकडाला वॉर्निश हवं ते उन्हाला अडवणारं आणि लाकूड फुगलं-आकसलं तरी त्याच्याबरोबर ताणलं जाणारं. लावायच्या जरा आधी ॲसिटोनचा फडका मारायचा, नाहीतर लाकडाचं तेल वर येतं आणि वॉर्निश धरत नाही. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून पातळ, म्हणजे आत मुरतो. मग एकेक हात दाट. दोन हातांच्या मध्ये वाळवणं आणि हलकं घासणं आलंच. सगळं सकाळी, दारावर ऊन यायच्या आत, कारण तापलेल्या लाकडावर वॉर्निशला बुडबुडे येतात.

पाचव्या हाताला मिस्त्री कंटाळले. "बोटीला सहा-आठ देतात," असं भाच्याने सांगितल्यावर ते म्हणाले, "मग बोटीलाच द्या." शेवटी सहावर तडजोड झाली.

ओट्यावरच्या सागवानी बाकाला मात्र मी हात लावू दिला नाही. तो राखाडीच राहील. त्यावर वॉर्निश लावलं तर वर्षाआड उचकटायला मलाच बसावं लागेल. दाराचंही पुढच्या वर्षी वॉर्निश सोलवटायच्या आत दोन हात द्यावेच लागणार, आणि सासूबाईंनी मिस्त्रींना तसं सांगून आगाऊ पैसेही देऊन टाकलेत.