आमची वाटचाल: पहिलं मोठं नाटक

केशवराव भोसले नाट्यगृहाची तारीख हातात होती, डिपॉझिट भरलेलं, नाटकाची संहिता तपासून परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही आलेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी उभारलेली, १९१५ पासूनची वास्तू, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. अख्खं कोल्हापूर हळहळलं. आमचा शुभारंभाचा प्रयोगही त्यातच गेला.

त्याआधीची वर्षं एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धा आणि शाळांच्या गॅदरिंगमध्ये गेली. दोन अंकी, तिकीट लावून करायचं हे पहिलंच. नाटक कारेल चापेक या चेक लेखकाचं, १९३७ चं. साथीच्या रोगावर एका डॉक्टरला औषध सापडतं, पण तो गरिबांनाच देतो. सत्ताधाऱ्यांना म्हणतो, आधी युद्ध थांबवा. इंग्रजीवरून आम्हीच मराठीत आणलं. 'हे कोण बघणार?' असं तोंडावर ऐकून घेतलं.

आग विझते न विझते तोच शहरातल्याच एका संस्थेनं आमचा मार्शल, म्हणजे नाटकातल्या सत्ताधाऱ्याचं काम करणारा पोरगा, उचलला. आवाज आम्ही बसवला, हालचाली आम्ही बसवल्या, पोरगा तयार झाला आणि यांच्या विनोदी नाटकात उभा राहिला. वर आमच्या जाहिरातदारांना सांगितलं, 'ते आता बंद पडणार.' कलाकार जातात-येतात, त्याचं काही नाही. हे वाक्य मात्र मी विसरणार नाही.

आमचे प्रकाशवाले मामा पहिल्या एकांकिकेपासूनचे भागीदार. म्हणाले, "मालक, मांडवात करू, पण करायचं." शाहू स्मारकाचा हॉल घेतला. मंच लहान, म्हणून फ्लॅट (नेपथ्याच्या उभ्या चौकटी) कापले, लेव्हल (मंचावरचे उंच चौथरे) निम्म्या केल्या. खरा घोळ डागाचा. या रोगात अंगावर पांढरा डाग उठतो, आणि शेवटी तो मार्शलच्याच छातीवर सापडतो. सफेद्याचा, म्हणजे पांढऱ्या रंगाचा डाग पिवळ्या उजेडात गायबच व्हायचा. मामांनी पार दिव्यावरचं अंबर जिलेटिन (पिवळसर रंगीत कागद) काढून फिकट निळं लावलं, बाजूचा बेबी स्पॉट हा छोटा दिवा खाली ओढला, तेव्हा डाग शेवटच्या रांगेतून दिसला. नव्या मंडळींना सांगतो, रंगभूषा आरशासमोर पास करू नका, लाइटखाली उभं करून बघा. आणि हॉलची पावती स्वतःजवळ ठेवा, मॅनेजरकडे नको.

मार्केट यार्डातले एक गूळ व्यापारी आमचं प्रत्येक काम तिकीट काढून बघतात. रद्द प्रयोगाचे पैसे परत द्यायला गेलो, तर गल्ल्यावरून मानही वर न करता म्हणाले, "पैसे राहू देत. खेळ कधी ते सांगा." प्रयोग झाला त्या रात्री ते घरच्या सगळ्यांना घेऊन पुढच्या रांगेत होते.

आता सांगलीची तारीख मिळाली आहे. जुन्या मार्शलनं 'परत येतो' म्हणून निरोप धाडला होता. नव्या पोरानं ऐनवेळी उभं राहून काम निभावलंय, त्याची भूमिका निघणार नाही, असं कळवून टाकलं.