आगळाच्या बाटल्या आणि बारा पानांचा प्लॅन

बँकेतल्या साहेबांनी फाइलीतलं सातवं पान काढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ताई, महिन्याला 500 बाटल्या म्हणजे वर्षाला 6000. तुमची झाडं किती?"

"अकरा."

"मग एवढं आगळ मे महिन्यात काढणार कशातून आणि ठेवणार कुठे?"

मी गप्प. आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, विकायच्या धंद्यासाठी कर्ज मागायला गेले होते, पण ते पान मी लिहिलंच नव्हतं. गोव्यात फोंड्याला एक जण असे रिपोर्ट करून देतो, त्याला 4000 रुपये मोजून बारा पानांचा मार्केटिंग प्लॅन घेतला होता. त्यात रंगीत आलेख होते, 'लक्ष्य ग्राहक : गोव्यात येणारे पर्यटक' असं ठळक अक्षरांत होतं आणि एका ठिकाणी 'आमचे पापड' असंही राहून गेलं होतं. बहुतेक माझ्या आधी कुणीतरी पापडवाली येऊन गेली असावी.

आमचं फोंडा तालुक्यातल्या सावईवेऱ्याला छोटं कुळागर, म्हणजे बागायत, आहे. माडा-पोफळींच्या आडोशाला रातांब्याची, म्हणजे कोकमाची, आमच्या भाषेत भिण्णांची झाडं. सासूबाई पूर्वीपासून सोलं, म्हणजे कोकमाच्या साली, वाळवायच्या, आगळ काढायच्या. मी फक्त त्याचा धंदा करायला घेतला. सोलर ड्रायर आणि बाटल्या सील करायचं मशीन घ्यायचं होतं. 2020 साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान मिळत होतं, पण ते कर्जाला जोडलेलं. म्हणून बँक, आणि म्हणून तो प्लॅन.

घरी आले ती रागातच. रात्री उधारीची वही काढली. लाल कापडी पाठीची, कोपरे कोकमाने जांभळे झालेली. वर्षभरात आगळाच्या किती बाटल्या कुणाला गेल्या, ते एकेक ओळ वाचून मोजलं. एकूण 214. शेजारपाजार आणि फोंड्यातली घरं मिळून 58. किनाऱ्यावर कळंगुटच्या एका दुकानात 50 ठेवल्या होत्या, त्यातल्या 31 खपल्या. उरलेल्या 19 उन्हाने लेबलं पांढरी पडून परत आल्या. फोनवरून 29. आणि 96 बाटल्या गेल्या होत्या देवळाजवळच्या एका ओळखीच्या फुलवालीकडून, जिच्या टोपलीशेजारी मी सहज म्हणून चार-चार बाटल्या ठेवत असे.

मी किती तरी वेळ त्या 96 कडे बघत बसले. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी : ही सगळी देवळं आमच्या घरापासून गाडीने फार लांब नाहीत. तिथे मुंबई-पुण्याहून, बेळगाव-कारवारहून कुळदैवताला लोक येतात. नवं लग्न झालेली जोडपी, मुंज झालेली मुलं, अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, एक रात्र राहून अभिषेक करून जाणारी कुटुंबं. त्यांना सोलकढी काय असते ते समजावून सांगावं लागत नाही. उलट "आजी असताना असंच आगळ यायचं" असं तीच मला सांगतात. फोनवरच्या 29 पण त्यांच्यापैकीच निघाल्या. किनाऱ्यावरचा पर्यटक माझं गिऱ्हाईक नव्हताच. त्याला तो प्लॅनवाला घेऊन आला होता.

मग बाटलीचा प्रश्न आला. आमच्याकडे आगळ पिढ्यान्‌पिढ्या दारूच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांतच भरतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधी बेगमी करायच्या, दिवसांत तशाच बाटल्यांच्या रांगा दिसतात. नवी बाटली आणल्यावर सासूबाई म्हणाल्या, "नव्या बाटलेंत आगळ? कोण घेतलो?" (म्हणजे, कोण घेणार?) त्यांचं अर्धं बरोबर होतं. फोंड्यातल्या जुन्या गिऱ्हाइकांना नवी बाटली म्हणजे फॅक्टरीचा माल वाटला. पण देवळाला आलेल्या सासवा-सुना देवाच्या प्रसादाबरोबर व्हिस्कीची बाटली पिशवीत घालायला कचरत होत्या. शेवटी दोन प्रकार ठेवले. शेजाऱ्यांनी आपली बाटली आणायची, भरून न्यायची. पाहुण्यांना नवी अर्ध्या लिटरची, सील केलेली, अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक छापलेली. मागच्या बाजूला सोलकढीचं प्रमाण आणि माझा नंबर.

किमतीने मात्र रडवलं. फोंड्याच्या एका मोठ्या दुकानाने 140 रुपये छापील किमतीवर 30 टक्के मागितले, वर पंचेचाळीस दिवसांची उधारी. म्हणजे माझ्या हातात 98. मी खर्च काढला होता 71, खूश होते. नवरा म्हणाला, "त्यात तुझी मजुरी कुठाय?" ती धरली तर 88. राहिले दहा रुपये, तेही दीड महिन्याने. त्या दुकानाला मी नाही म्हटलं. फुलवालीला बाटलीमागे 20 रुपये देते, ती संध्याकाळी रोख आणून देते.

कुठून काय खपतं ते कळावं म्हणून झाकणाच्या आत नेलपॉलिशचा टिपका लावते : फुलवालीच्या बाटल्यांना लाल, फोंड्याच्या दुसऱ्या एका छोट्या दुकानाच्या बाटल्यांना निळा. हिरवा वापरत नाही, तो शाकाहारीचा ठिपका समजून लोक उगाच प्रश्न विचारतात. फोन आला की आधी विचारते, "झाकणात कुठला रंग?" लोक हसतात, पण सांगतात.

एक चूक सांगायलाच हवी. पहिलं कुरियर पुण्याला पाठवलं, बाटली फुटली, आत बांधलेल्या साडीच्या घडीसकट सगळं जांभळं. ती साडी त्या बाईंनीच देवीची ओटी म्हणून इथून मागवली होती. पैसे परत केले, साडीचेही. तेव्हापासून बाहेरगावी फक्त सोलं जातात, आगळ ज्याने त्याने येऊन न्यावं.

बँकेत दुसऱ्यांदा गेले ती दोन पानं हाताने लिहून. वर्षाला 600 बाटल्या, आमच्या झाडांच्या आणि शेजारच्या दोन कुळागरांच्या हिशेबाने. माघातल्या जत्रा, मेची सुट्टी आणि दिवाळीनंतरचे दिवस यांना जास्त माल, पावसात जवळजवळ शून्य. साहेबांनी ती पानं दोनदा वाचली आणि फक्त "फुलवालीला लेखी काही दिलंय का?" एवढंच विचारलं. नव्हतं दिलं. त्यानंतर दिलं.

कर्ज मंजूर झालं, मागितलं त्यापेक्षा थोडं कमी. ड्रायर या वर्षी वळवाच्या पहिल्या सरीआधी चार दिवस बसला.