दुपारी दोन ते पाच

एप्रिल संपत आला. पारा बेचाळिसाच्या खाली यायचं नाव घेत नाही, आणि दुपारचे दोन वाजले की सोलापुरातल्या डफरिन चौकाकडचा आमचा रस्ता ओस पडतो. दवाखान्यांच्या ओपीडी बंद होतात, त्या पाचनंतरच उघडतात. तोवर आमच्या मेडिकललाही फारसं गिऱ्हाईक नसतं. सहा वाजल्यापासून मात्र काउंटरसमोर तीन-तीन रांगा लागतात. चिठ्ठी वाचायची, औषध काढायचं, बिल करायचं, सुट्टे पैसे द्यायचे, आणि तेवढ्यात मागून आवाज येतो, "ताई, आधी माझं बघा की, शेवटची एसटी जाईल."

दुपारच्या या वेळेबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. गर्दीत एका माणसामागे मला फार तर दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात त्याला गोळी कशी घ्यायची हे नीट कळायला हवं असेल, तर त्याची तयारी आधीच झालेली हवी. मी दुपारी जे करते ते संध्याकाळी सहानंतर येणाऱ्या माणसासाठी असतं.

आज फ्रीजपासून सुरुवात केली. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, म्हणून आतल्या थर्मामीटरचा आकडा वहीत लिहायचा. उन्हाळ्यात फ्रीजचं दार सारखं उघडलं जातं आणि लाईटही जाते, त्यामुळे हा आकडा मी दुपारी हमखास बघते. मग जवळच्या तारखेचे बॉक्स पुढे, लांबच्या तारखेचे मागे. तीन महिन्यांत मुदत संपणारा माल बाजूच्या खोक्यात टाकला, तो परत जाईल. शेड्यूल एच-वनचं रजिस्टर बिलांशी ताडून पाहिलं. क्षयरोगाची औषधं, वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स, काही झोपेच्या गोळ्या यांची ही नोंद २०१४पासून ठेवावी लागते: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं. ही कामं हाताला बसली की अर्ध्या तासात उरकतात.

माझा जीव खरा रमतो तो पाकिटांत. आमच्याकडे गोळ्या खाकी कागदाच्या पाकिटात देतात आणि वर पेनाने १-०-१ लिहायची पद्धत आहे. शिकलेल्याला ते कळतं. पण वळसंग, बोरामणी, अक्कलकोटकडून आलेल्या आजीला त्या एक-शून्य-एकचं काय? म्हणून मी दुपारी पाकिटांवर चित्रं काढून ठेवते. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्रकोर. जेवणानंतर घ्यायची असेल तर शेजारी भाकरी, उपाशीपोटी असेल तर रिकामं ताट. थायरॉईडच्या गोळीला उगवता सूर्य आणि रिकामं ताट लागतं, ती पाकिटं जास्त करून ठेवावी लागतात. संध्याकाळी फक्त नेमकं पाकीट उचलायचं. हातात पाकीट पडल्यावर आजी चंद्रावर बोट ठेवून "ही रातची व्हय?" असं विचारते, तेव्हा मला खात्री पटते की गोळी वेळेवर पोटात जाणार.

एका औषधासाठी मात्र चित्रावर भागत नाही. मेथोट्रेक्सेट. संधिवाताला ही गोळी बहुतेक वेळा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. घरातली बाकी सगळी औषधं रोजची असली की हीही त्यांच्या ओळीत जाऊन बसते. तिच्या पाकिटावर मी लाल स्केचपेनने मोठ्या अक्षरात "आठवड्यातून एकदाच" लिहिते आणि खाली वाराची जागा कोरी सोडते. तो वार गिऱ्हाईकाकडूनच वदवून घेते आणि त्यांच्यासमोर लिहिते. सोमवार म्हणणारे बरेच असतात, सिद्धेश्वराचा वार म्हणून लक्षात राहतो.

साडेतीनला काकांची शिकवणी. काका आमच्याकडचे सगळ्यात जुने. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात आणि कन्नड त्यांना बाजारात ऐकून ऐकून येतं. सोलापुरात मेडिकल चालवायचं तर एकट्या मराठीवर निभत नाही. शहराच्या पूर्वभागातून तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली बायका येतात, तर कर्नाटकातल्या इंडी, आळंद, अफजलपूरकडून नातेवाईक रुग्णाला घेऊन येतात. आजारी माणसाजवळचा माणूस आधीच घाबरलेला असतो, त्याला त्याच्या भाषेतलं एक वाक्य मिळालं तरी तो ऐकायला थांबतो. तेलुगूत 'तिन्न तर्वात' म्हणजे जेवल्यावर, तर कन्नडात 'ऊटा आद म्याल'. असं एकेक वाक्य मी वहीत देवनागरीत उतरवून घेते. काका लगेच लिहू देत नाहीत. "आधी कानानं ऐक, मग लिव्ह," म्हणतात. मला पटतं ते. लिहिलेलं वाचून बोललं की समोरचा 'काय?' म्हणतो, ऐकून बोललं की मान डोलावतो. काकांना हे सगळं संध्याकाळी विचारायला गेले तर त्यांना मान वर करायला फुरसत नसते. दुपारी मी जशी मोकळी असते तसे तेही असतात, आणि त्यांच्यापाशी जे आहे ते एवढ्याच वेळात मिळतं.

चारच्या सुमाराला डोक्यावर पदर ओढून एक मुलगी आली. कडेवर तापलेलं लेकरू, हातात सकाळीच कुठूनतरी नेलेली अँटिबायोटिकची बाटली. "ताई, ह्यात पाणी किती घालायचं?" बाटलीत नुसती पावडर असते, पाणी घरी घालायचं असतं. जास्त पडलं तर औषध पातळ होतं आणि बाळाला पुरेसं मिळत नाही, कमी पडलं तर प्रत्येक चमच्यात जादा जातं. मी तिला आत बसायला सांगितलं, पंखा तिच्याकडे वळवला. आधी कोरडी बाटली तळहातावर आपटून तळाशी चिकटलेली पावडर मोकळी केली. मग उकळून गार केलेलं पाणी निम्म्यापर्यंत घातलं आणि खळाखळा हलवलं. वर ताकासारखा फेस आला. इथेच सगळी गंमत आहे. फेस बाटलीवरच्या खुणेपर्यंत चढतो आणि बघणाऱ्याला वाटतं, झालं की. तो बसू द्यायचा, मग दिसतं की पाणी खुणेच्या बरंच खाली आहे. बाटली टेबलावर ठेवून, डोळे खुणेच्या पातळीला आणून उरलेलं पाणी तिच्याच हातून घालून घेतलं. ते अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक होतं; फ्रीजमध्ये ठेवायचं, दर वेळी हलवून द्यायचं आणि ७ दिवसांनंतर उरलेलं टाकून द्यायचं. तिने सगळं मला परत म्हणून दाखवलं.

पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. हीच मुलगी सातला आली असती तर मी खुणेवर बोट ठेवून "इथपर्यंत" एवढंच म्हटलं असतं. रिकाम्या वेळी कुणी आलं की आपलं काम मोडलं असं वाटून घेऊ नये. पाकिटं थांबू शकतात. दुपारी एखादंच माणूस येतं, त्याला तरी पोटभर वेळ मिळायलाच हवा.

मोबाईल मी दुपारी ड्रॉवरमध्ये ठेवते. एक व्हिडिओ बघायला घेतला की पाच कधी वाजतात कळत नाही, आणि डोळे मात्र दमलेले असतात.

तरीही रोजची सगळी दुपार कामाने भरून टाकावी असं मला वाटत नाही. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याचा दिवस असला की पहाटेपासून हंडे, पिंपं, टाकी यांच्यामागे धावपळ चालते. त्या दिवशी मी डबा खाते, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि खुर्चीत डोळे मिटून पडते. दमलेल्या डोळ्यांनी औषधांची नावं वाचणं बरं नव्हे. सारख्या वेष्टनाची, सारख्या नावांची औषधं एकाच फळीवर असतात. संध्याकाळसाठी नजर ताजी ठेवणं हेही आमचं कामच आहे.

सध्या डोक्यात इन्सुलिनचा कागद घोळतोय. या उन्हात लोक बाटली गाडीच्या डिक्कीत टाकून तीस-चाळीस किलोमीटर जातात, नाहीतर थंड राहावं म्हणून फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला लावून ठेवतात. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. एका पानावर मोजक्याच ओळी हव्यात: डिक्कीत नको, बर्फाला थेट लावू नका, मध्ये कापड ठेवा, घरी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधे ओली वाळू, आणि आत झाकणाच्या डब्यात बाटली. उघडलेल्या बाटलीवर तारीख घाला, बहुतेक इन्सुलिन त्यानंतर साधारण चार आठवडेच चालतं.

मराठीतला मजकूर आज लिहून झाला, मडक्याचं चित्रही जमलं. कन्नड काकांना बोलता येतं, लिहिता येत नाही. त्यांच्या सुनेचं माहेर इंडीकडचं, शाळा कन्नडमधून झालेली. ती रविवारी लिहून देते म्हणाली. तेलुगूसाठी पूर्वभागातल्या एका शिक्षिकाबाईंना विचारायचंय, त्या दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला येतात. झेरॉक्सचा खर्च मालक देणार आहेत. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक इन्सुलिनच्या पिशवीत हा कागद गेला पाहिजे.