कुलूपबंद बिऱ्हाडे

गिरगावातल्या मावशीच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर बारा खोल्या आहेत. माझ्या लहानपणी त्या बाराही खोल्यांत बिऱ्हाडे नांदत होती. आज पाच खोल्यांना बाहेरून कुलूप आहे, बाकीच्या बहुतेकांत साठी उलटलेली माणसे राहतात आणि शाळेत जाणारे मूल साऱ्या मजल्यावर एकच आहे.

जुन्या मुंबईची वस्ती ओसरते आहे, असे लोकलच्या दाराला लोंबकळणाऱ्या माणसाला सांगितले तर तो वेड्यात काढील. पण कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ३३.३८ लाख होती, ती २०११ मध्ये ३०.८५ लाखांवर आली. त्याच दशकात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. दिवसा कामासाठी येणाऱ्यांच्या गर्दीमुळे ही घट रस्त्यावर दिसत नाही. ती पाहायची तर रात्री नऊनंतर चाळीच्या गॅलरीत उभे राहून किती खिडक्यांत दिवा आहे, ते मोजावे.

कारणे जुनी आहेत. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, त्यामुळे भाडेकरूला छप्पर मिळाले, पण मालकाला डागडुजीत रस उरला नाही. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर पलीकडच्या गिरणगावाचा कणाच मोडला. दोन खोल्यांत तिसरी पिढी मावेना, तेव्हा मुले डोंबिवली, बोरिवली, विरारला गेली आणि आईवडील मागे राहिले. पागडीचा, म्हणजे एकरकमी पैसे देऊन मिळवलेल्या भाडेकरूपणाचा, हक्क सुटू नये आणि पुनर्विकासात जागा मिळावी म्हणून रिकाम्या खोल्यांची कुलुपे तशीच राहिली. माझ्या मते ही कुलुपे म्हाताऱ्यांना सर्वांत महाग पडतात, कारण रात्री छातीत दुखू लागले तर हाक मारायला भिंतीपलीकडे कोणी नसते.

अठ्ठ्याहत्तर वर्षांची मावशी लाकडी जिना आता आठवड्यातून एकदाच उतरते. रोज सकाळी ती गॅलरीतून दोरीला बांधलेली कापडी पिशवी खाली सोडते. तीत चिठ्ठी आणि पैसे असतात, भाजीवाला पावशेर मेथी आणि उरलेली मोड घालून दोरीला दोन झटके देतो. पूर्वी या गल्लीत पिशव्यांची रांग लोंबत असे, म्हणून प्रत्येक पिशवीला वेगळ्या रंगाचे ठिगळ होते. मावशीच्या पिशवीवर निळे ठिगळ अजून आहे, आता त्याची गरज नसली तरी. कोपऱ्यावरच्या खानावळीच्या जागी औषधांचे दुकान आले आहे आणि ते उत्तम चालते.

गणपतीत मात्र चाळ भरते. गिरगावातच केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक उत्सव सुरू झाला, त्यामुळे इथल्या प्रत्येक चाळीला आपला गणपती बंद करता येत नाही. पण खांदेकरी पुरेनात म्हणून आमच्या मंडळाने मूर्तीची उंची कमी केली आणि विसर्जनाला हातगाडी आणली. गेल्या वर्षी मुलांच्या वेशभूषा स्पर्धेला तीनच नावे आली, तेव्हा ती रद्द करून त्या संध्याकाळी मंडपात रक्तदाब तपासणी ठेवली. रांग पार जिन्यापर्यंत गेली होती. स्पर्धेसाठी आणलेले कंपासपेट्यांचे खोके मावशीच्या कपाटावर पडून आहे.