झोपेतली करवत

गेल्या वर्षी माझ्या झोपेची चाचणी झाली. त्या अहवालातील ऑक्सिजनचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसत होता. श्वास तासाला सरासरी ३४ वेळा अडत होता, आणि रक्तातील ऑक्सिजनची पातळी दर वेळी ९५ टक्क्यांवरून ८५ च्या आसपास, एकदा तर ७९ टक्क्यांपर्यंत उतरून पुन्हा वर चढत होती. आकड्यांपेक्षाही मला एक गोष्ट अधिक खटकली: रात्रभर हे चालू असताना मला काहीच कसे जाणवले नाही? झोपेत होतो, हे उत्तर मला पुरेसे वाटले नाही. कारण वाचत गेल्यावर कळले की ऑक्सिजन कमी झाल्याची स्पष्ट जाणीव माणसाला जागेपणीही होत नाही.

श्वास रोखून धरल्यावर जी तगमग होते, ती प्रामुख्याने साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. रक्ताची आणि मेंदूभोवतालच्या द्रवाची आम्लता किंचित वाढताच लंबमज्जेतील (मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातील) पेशी श्वासाचा आग्रह धरतात. ऑक्सिजन घटत असताना कार्बन डायऑक्साइड बाहेर जात राहिला, तर ही तगमग फारशी होतच नाही. १५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून तीन फ्रेंच प्रवासी आठ हजार मीटरच्या वर गेले. सोबत प्राणवायू असूनही तो वेळेवर घेण्याची शुद्ध त्यांना राहिली नाही आणि दोघे जिवंत परतले नाहीत. वाचलेल्या गास्ताँ तिसांदिए यांनी नंतर जे लिहिले, त्यात गुदमरल्याची तक्रार नाही. उलट त्या उंचीवर एक प्रकारचा आनंद वाटत होता, असे ते सांगतात.

तरीही शरीर अगदीच बेसावध नसते. मानेत दोन्ही बाजूंना, मुख्य धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो. त्याला कॅरॉटिड बॉडी म्हणतात. रक्तातील रासायनिक बदल तो टिपतो आणि त्यानुसार श्वास बदलतो, हे दाखवून देणाऱ्या कॉर्नेय हेमान्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ऑक्सिजन घटला की या अवयवातील पेशींची पोटॅशियमची दारे मिटतात, आत कॅल्शियम शिरते, आणि त्यातून सुटणारे रासायनिक संदेश नवव्या मस्तिष्क चेतेमार्फत लंबमज्जेपर्यंत पोहोचून काही क्षणांतच श्वास वाढवतात. मात्र धमनीतील ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या साधारण शंभर मिलिमीटरवरून साठपर्यंत उतरेतो हा प्रतिसाद मंदच असतो आणि त्याखाली गेल्यावर तो एकदम उसळतो. (बोटाला लावून ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रात साठ मिलिमीटर म्हणजे सुमारे ९० टक्के. रक्त फुप्फुसातून बोटापर्यंत पोहोचण्यास वेळ लागत असल्याने तो आकडाही थोडा मागचाच असतो.)

इथवर ही नुसती धोक्याची घंटा आहे. मला अधिक गुंतवून ठेवले ते पुढच्या भागाने, कारण चेतासंस्था ही घंटा लक्षात ठेवते. प्राण्यांना काही मिनिटे कमी ऑक्सिजन, मग नेहमीची हवा, असे तीनचार वेळा दिले, तर श्वासपटलाकडे जाणाऱ्या फ्रेनिक चेतेतील संदेश नंतर तासभर किंवा त्याहून अधिक काळ वाढलेले राहतात. तेवढाच वेळ सलग कमी ऑक्सिजन दिल्यास हे घडत नाही. म्हणजे परिणाम टंचाईच्या एकूण वेळेपेक्षा तिच्या चढउतारावर ठरतो. यामागे मज्जारज्जूतील सेरोटोनिनचा हात असून श्वासपटल हलवणाऱ्या चेतापेशींचे जोड त्याने बळकट होतात. याच आधारावर मज्जारज्जूला अर्धवट इजा झालेल्या रुग्णांना दीड मिनिट ९ टक्के ऑक्सिजनची हवा, मध्ये एक मिनिट साधी हवा, अशी पंधरा आवर्तने देऊन पाहण्यात आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, चालण्याच्या सरावाची जोड दिल्यावर, त्यांची चालण्याची क्षमता वाढलेली आढळली.

तोच चढउतार रोज रात्री शेकडो वेळा झाला तर मात्र गोष्ट उलटते. १९९२ मध्ये यूजीन फ्लेचर यांनी उंदरांना ३५ दिवस अशी खंडित टंचाई दिली, तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढला. ज्यांच्या कॅरॉटिड बॉडीच्या चेता आधीच तोडल्या होत्या, त्यांचा वाढला नाही. घंटा इतकी हळवी होते की पुरेशा ऑक्सिजनमध्येही तिचा नाद थांबत नाही, आणि रक्तवाहिन्या आवळणारी अनुकंपी चेतासंस्था दिवसाही ताणलेली राहते. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या चाचणीच्या चार वर्षे आधीच सुरू झाल्या होत्या. त्यांचा घोरण्याशी संबंध असू शकतो, हे तेव्हा कोणाच्याच मनात आले नव्हते.

आता रात्री हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारा मुखवटा लावून झोपतो आणि आलेख जवळजवळ सपाट येतो. गोळी एकाची अर्धी झाली आहे, बंद झालेली नाही. शिकागो विद्यापीठातील नंदुरी प्रभाकर यांच्या गटाला उंदरांमध्ये असे आढळले की दहा दिवसांच्या खंडित टंचाईने आलेला हळवेपणा साध्या हवेत मावळतो, पण तीस दिवसांनंतरचा टिकून राहतो, कारण तोवर पेशींतील काही जनुकांवर रासायनिक खुणा उमटलेल्या असतात. पत्नीच्या हिशेबाने माझे घोरणे अकरा वर्षांचे आहे.