दोन पंजांत मावणारी छाती

धान्याच्या गोदामातून मला फोन आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. फलाटाखालच्या सांडपाण्याच्या जुन्या पाइपमध्ये उंदरामागे शिरलेली बिट्टी सकाळी नऊपासून बाहेर आलेली नाही, पहिला तासभर तिचे भुंकणे ऐकू येत होते, नंतर तेही थांबले, असे रखवालदारांनी सांगितले. "डॉक्टर, गेली बहुतेक ती," एवढे बोलून ते गप्प झाले.

बिट्टी ही जॅक रसेल टेरियर जातीची कुत्री. महिन्यापूर्वीच मी तिला तपासले होते. उंची 27 सेंटिमीटर, वजन 5.4 किलो आणि कोपरांमागे छातीचा घेर 41 सेंटिमीटर. दर पाच सेंटिमीटर उंचीमागे एक किलो, हे या जातीचे प्रमाण तिच्यात तंतोतंत उतरले होते. तिची छाती खांद्यांमागे माझ्या दोन्ही हातांच्या पंजांत धरली की अंगठे वर आणि बोटे खाली एकमेकांना टेकत, शिवाय हलक्या दाबाने बरगड्या आत जात. ही लवचीक छाती प्रदर्शनासाठी घडलेली नाही. इंग्लंडमधील पाद्री जॉन रसेल यांनी ऑक्सफर्डला शिकत असताना 1819 मध्ये ट्रम्प नावाची कुत्री घेतली आणि तिच्यापासून पुढे जो वंश वाढवला, तो कोल्ह्याच्या बिळात उतरण्यासाठी होता. तेथे कोल्ह्याला मारायचे नसे. त्याच्यासमोर ठाण मांडून भुंकत राहायचे, म्हणजे तो बाहेर पडे किंवा वरच्या माणसांना जागा कळे. म्हणूनच बिट्टीच्या गप्प होण्याचा अर्थ मी वेगळा लावला: उंदीर निसटला असावा आणि ती अडकली असावी.

पण ती अडकलीच कशी, हे मला उमगेना. पाइपचा आतला व्यास 15 सेंटिमीटर, म्हणजे घेर सुमारे 47. त्यात 41 सेंटिमीटरची छाती सहज सरकायला हवी. "अंगावर काही होते का?" असे विचारताच रखवालदारांचा चेहरा उतरला. आदल्या दिवशीच त्यांनी हौसेने तिला छातीपट्टा आणला होता. टेरियरला बिळात सोडणारी जाणती माणसे आधी गळ्यातला साधा पट्टासुद्धा काढून घेतात, तो याच भीतीने.

फरशीला कान लावून आम्ही जवळजवळ वीस मिनिटे सरकत होतो, तेव्हा एका जागी नखांचे अगदी क्षीण खरवडणे ऐकू आले. गवंड्याने तिथली फरशी उचलून पाइपला छिन्नीने बेताचे भोक पाडले. मी हात घातला. आधी राठ केस लागले, मग धापा टाकणारी कूस, आणि तिच्याखाली पाइपच्या सांध्यातून डोकावणाऱ्या सिमेंटच्या टोकात रुतलेले पट्ट्याचे बक्कल. बँडेजची कात्री बोटांच्या अंदाजाने सरकवून मी पट्टा कापला.

ती माझ्या हाताकडे आली नाही; पुढेच गेली. काही क्षणांत कुंपणापाशी, पाइपच्या दुसऱ्या तोंडातून, तिचे भुंकणे ऐकू आले आणि रखवालदार धावले.

काखेतली कातडी सोलवटली होती, ओठाला उंदराचा चावा होता, हिरड्या कोरड्या पडल्या होत्या. मी जखमा धुतल्या, प्रतिजैविक दिले, सलाइन लावले. उंदरांमुळे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस गेल्याच भेटीत दिलेली होती, ही त्या दिवशी फार मोठी निश्चिंती वाटली. सलाइन चालू असतानाही तिची मान पुन्हा पुन्हा पाइपकडे वळत होती, म्हणून मी सलाइन संपण्याआधीच गवंड्याकडून त्याची दोन्ही तोंडे आणि मधले भोक विटांनी बंद करून घेतले.